खाडा

दसरा झाला की वडवणीच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर वाढतात. ट्रॉलीत ताडपत्री, बांबू, पिठाचे डबे, सरपण, एखादी शेळी, आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. बालाघाटाच्या कुशीतल्या चिंचवण, उपळी अशा गावांतून निघालेल्या या टोळ्या पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडतात आणि पाडव्याच्या आगेमागे गावी परततात. ट्रॉलीतल्या माणसांत सातवी-आठवी-नववीतली पोरंही असतात. त्यांच्यातच कधी तो मुलगा असतो, ज्यानं महिनाभरापूर्वी तालुक्याच्या शालेय कबड्डी स्पर्धेत डाव्या कोपऱ्यात उभं राहून एकामागून एक चढाईपटूंचे घोटे धरले होते. कधी ती मुलगी असते, जिच्या चढाईवर शाळेनं सामना जिंकला होता. हे प्रकरण त्या दोघांविषयी आहे.

शालेय क्रीडा स्पर्धांचं वेळापत्रक आणि साखर कारखान्यांचं वेळापत्रक एकदा शेजारी शेजारी ठेवून बघावं. तालुक्याच्या स्पर्धा साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात होतात, जिल्ह्याच्या त्यानंतर, विभागाच्या दिवाळीच्या आगेमागे आणि राज्याच्या नोव्हेंबर-डिसेंबरात. कारखान्यांचे बॉयलर पेटतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे खेळाडू तालुक्यातून जिल्ह्यात आणि जिल्ह्यातून विभागात जायला निघतो, नेमकी तेव्हाच त्याच्या आईबापांनी आगाऊ घेतलेली उचल फेडायची वेळ येते. जिल्हा जिंकलेल्या संघातले दोघे-तिघे विभागाच्या सामन्याला नसतात. शिक्षक बदली खेळाडू उतरवतात, संघ हरतो, आणि निकालाच्या कागदावर फक्त गुण उरतात. तो संघ का हरला, हे त्या कागदावर लिहायला जागा नसते.

ऊसतोडीच्या टोळीत कामावर न गेलेल्या दिवसाला ‘खाडा’ म्हणतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयत्यानं मुकादमाकडून हंगामाआधीच उचल घेतलेली असते. दोघांपैकी एक जण आजारी पडला, पाळी आली, पोर तापलं, तरी दिवस भरला नाही तर खाडा लागतो, आणि त्यासाठी दिवसाला ५०० रुपयांपर्यंत दंड कापला जातो. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली, तेव्हा हा शब्दही शहरापर्यंत पोचला. पोरगी विभागाच्या स्पर्धेला निघाली आणि तिच्यासाठी आईला दोन दिवस मागं राहावं लागलं, तर तेही खाड्यातच मोजलं जातं. खेळाची गुणवत्ता जपण्यावर पुस्तकं पुष्कळ आहेत, पण त्यातल्या बहुतेकांनी हा हिशेब धरलेला नाही.

एका खेळानं मात्र तो धरला होता. किंबहुना त्या हिशेबातूनच तो खेळ जन्माला आला.

इंग्लंडच्या उत्तरेतले यॉर्कशायर आणि लँकशायर हे कापडगिरण्यांचे आणि कोळशाच्या खाणींचे परगणे. तिथं रग्बी खेळत ते गिरणी कामगार आणि खाणमजूर. शनिवारी सामना असला की कामाचे तास बुडायचे, लांबच्या गावी असला तर अख्खा रोज बुडायचा. रग्बीचा कारभार होता लंडनकडच्या सुखवस्तू मंडळींच्या हातात. खेळाडूनं खेळापायी एक पैसाही घेऊ नये, हा त्यांचा नियम. उत्तरेकडच्या क्लबांचं म्हणणं असं, की आम्हाला खेळण्याचे पैसे नकोत, बुडालेला रोज तेवढा भरून देऊ द्या. १८९३ साली लंडनच्या सभेत हा ठराव मतांना आला आणि १३६ विरुद्ध २८२ मतांनी पडला. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्ड गावातल्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांचे प्रतिनिधी बसले आणि २२ क्लबांनी आपली वेगळी संघटना उभी केली. तिनं खेळाडूला बुडालेल्या दिवसापोटी ६ शिलिंगांपर्यंत भरपाई देण्याची मुभा दिली. पुढं तिनं खेळाचे नियमही बदलले. १९०६ पासून संघात पंधराऐवजी तेरा खेळाडू आले. पकडला गेलेला खेळाडू उठून पायानं चेंडू मागं सारतो आणि खेळ पुढं चालू राहतो. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू दुसऱ्या संघाकडं जातो. हाच आजचा रग्बी लीग. पापुआ न्यू गिनीचा तो राष्ट्रीय खेळ आहे, आणि ऑस्ट्रेलियात सिडनी-ब्रिस्बेनकडं लोक त्याच्यासाठी जीव टाकतात.

इंग्रजांनी त्या भरपाईला दिलेल्या नावाचा अर्थ होतो ‘मोडलेल्या वेळेचे पैसे’. वडवणीच्या माणसाला त्याची व्याख्या समजावून सांगावी लागणार नाही. तो म्हणेल, खाडा भरून दिला.

रग्बी लीग आपल्याकडं खेळला जात नाही म्हटलं तरी चालेल. आपल्याकडं जी रग्बी आहे ती दुसऱ्या शाखेची, आणि मुख्यतः मुंबई-पुण्याच्या मैदानांवर वाढलेली. २०१९ साली भारतीय महिलांनी सिंगापूरला २१-१९ असं हरवून पंधरा खेळाडूंच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला, त्या संघाची कर्णधार वाहबिझ भरूचा पुण्याची होती. पण रग्बी लीगच्या प्रशिक्षकाला वडवणीच्या मैदानावर आणून उभं केलं, तर कबड्डीची पकड त्याला दोन मिनिटांत कळेल. पाय समोरच्याच्या जवळ रोवायचा, डोकं बाजूला ठेवायचं, कंबर खाली, खांदा आधी आणि हात मागून, पकडल्यावर साथीदारानं लगेच साखळी करायची. दोन्ही खेळांत धडक आहे, आणि दोन्हीकडं ती चुकली तर मान, खांदा आणि गुडघा यांची किंमत मोजावी लागते. म्हणून तिथल्या जाणत्या प्रशिक्षकांनी धडक शिकवण्याची जी रीत बसवली, ती आपल्या कामाची आहे. आधी गुडघ्यावर बसून पकड, मग चालत, मग हळू पळत, आणि डोक्याची जागा पक्की झाल्यावरच पूर्ण वेगानं. आपल्याकडं बारा वर्षांच्या पोराला थेट मोठ्यांच्या सरावात उतरवून ‘धर’ म्हणतात. त्याला धरता येतं, कारण तो हुशार असतो. कसं धरायचं नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आता कौशल्याकडं येऊ. घोट्याची पकड घ्या. बघणाऱ्याला हातांचा वेग दिसतो. खरं काम त्याआधी डोळ्यांनी केलेलं असतं. चढाईपटूचा भार कोणत्या पायावर आहे, तो पाय उचलणार की टेकवणार, बोनसकडं झुकणं खरं की हूल, हे कोपरारक्षक हात घालण्याआधी ओळखतो. भार एका पायावरून दुसऱ्यावर जातानाचा क्षण सापडला तर सत्तर किलोचा गडीही पन्नास किलोच्या पोराला आवरतो. हा क्षण ओळखायला हजारो चढाया बघाव्या लागतात, त्याही वेगवेगळ्या चढाईपटूंच्या. एकाच गावच्या एकाच मित्राविरुद्ध चार वर्षं सराव केला, तर त्या एका मित्राचा क्षण कळतो.

मग पाच-सहा महिन्यांचा खंड पडला, की यातलं काय जातं? सगळं एका वेगानं जात नाही. दम सर्वांत आधी जातो. सराव थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांतच दमसासात घट मोजता येते. अंगात बसलेली हालचाल मात्र फार काळ टिकते. सायकल चालवणं जसं वर्षांनीही विसरत नाही, तसं चवडा काढणं किंवा पट काढणं विसरत नाही. या दोहोंच्या मधलं आहे ते वेळेचं भान. ते बोथट होतं, पण पुन्हा धार लावता येते. हे ध्यानात घेतलं तर एप्रिलमध्ये परतलेल्या पोराशी कसं वागायचं ते ठरतं. त्याला नवशिक्यांच्या रांगेत उभं करणं चूक. त्याहून मोठी चूक म्हणजे परतल्या आठवड्यातच त्याला उन्हाळी रात्रीच्या स्पर्धेत उतरवणं. त्याच्या डोक्याला सगळं आठवतं, म्हणून तो जुन्याच वेगानं वळतो, पण गुडघ्याभोवतीचे स्नायू त्या वेगाला तयार नसतात. गुडघ्याचे सांधेबंध तुटतात ते बरेचदा अशाच वळणावर. तीन-चार आठवडे अंग हळूहळू चढवावं. पळणं, उड्या, एका पायावर उतरणं, बैठका, आणि सोबत थोडी थोडी पकड. हे चार आठवडे थांबण्याचा धीर प्रशिक्षकाकडं हवा, आणि मंडळाच्या अध्यक्षाकडंही.

‘ऊस तोडल्यानं पोरात ताकद येते’ असं म्हणणारे लोक भेटतात. हे बोलणं थांबलं पाहिजे. वाढत्या अंगाला ताकद यायला काम, अन्न आणि झोप तिन्ही लागतात. पहाटे तीनला उठून फडात गेलेल्या, गाडी भरायला रात्री पुन्हा उठवलेल्या, भाकरी-चटणीवर दिवस काढणाऱ्या पोराला यातलं पहिलं तेवढं मिळतं. तो रापून, वाळून परत येतो. बारीक कंबर बघून लोकांना तो काटक वाटतो. काटा मात्र सांगतो, की जाण्याआधीपेक्षा वजन उतरलंय.

याच वयात आणखी एक गोष्ट घडत असते. मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलगे चौदाव्याच्या आसपास सगळ्यात झपाट्यानं उंच होतात. हाडं आधी लांबतात, स्नायू मागून येतात. त्या वर्षात चपळ पोरगा अचानक धांदरट वाटतो, पाय आडवे येतात, वेळ चुकते. घरचे म्हणतात लक्ष नाही, प्रशिक्षक म्हणतो माज आला. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूला आपल्या नव्या पायांची लांबी शिकावी लागत असते. अशा पोराला संघातून काढलं, की तो बहुतेक कायमचा जातो. त्याच्याच वर्गातला दुसरा, जो लवकर वाढला, तो अंगाच्या जोरावर सामने जिंकून देतो आणि निवडला जातो. अठराव्या वर्षी बाकीचे त्याच्या उंचीला येतात, आणि तोवर कौशल्य शिकायची गरजच न पडल्यानं तो मागं पडतो. न्यूझीलंडमध्ये मुलांच्या रग्बीत वजनाचे गट पाडतात, ते याचसाठी. आपल्या कबड्डीत किशोर आणि कुमार गटांना वयासोबत वजनाची मर्यादा आहे, ही आपल्या संघटकांची शहाणी तरतूद. तिचा हेतू लक्षात ठेवून ती पाळायला हवी. मर्यादेत बसावं म्हणून पोराला दोन दिवस उपाशी ठेवून काट्यावर उभं केलं, तर त्या तरतुदीचा जीवच गेला.

वयाचा विषय निघालाच आहे, तर १ जूनविषयी बोललं पाहिजे. मराठवाड्यातल्या शाळांच्या जुन्या दाखल्यांत १ जूनला जन्मलेली माणसं किती तरी सापडतात. जन्माची नोंद नव्हती, गुरुजींनी शाळा उघडण्याच्या हिशेबानं तारीख लावली. आता दवाखान्यांत बाळंतपणं होतात, तारखा खऱ्या असतात. पण तारीख खरी असली तरी एक फरक राहतोच. वयोगटाच्या आरंभी जन्मलेलं मूल आणि अखेरीस जन्मलेलं मूल यांत जवळजवळ एक वर्षाचं अंतर असतं, आणि तेराव्या वर्षी एक वर्ष फार असतं. कॅनडातल्या आइस हॉकीच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेलेच खेळाडू जास्त का, याचा शोध रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात घेतला, तेव्हापासून ही गोष्ट जगभरच्या प्रशिक्षकांना माहीत आहे. शाळेचा संघ निवडताना शिक्षकांनी हजेरीपटातला जन्ममहिना नजरेखालून घातला, तर फुकटात एक चांगला खेळाडू हाती लागू शकतो.

सरावाचा वेळ कसा वापरतात, यावर मला जास्त रेंगाळायचं आहे, कारण इथं पैसा लागत नाही. पुरुषांच्या कबड्डीचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा. चढाई तीस सेकंदांची. वेळ पूर्ण वापरला तर सगळ्या सामन्यात ८० चढाया, म्हणजे एका संघाच्या ४०. त्यातल्या तीसेक दोन हुकमी चढाईपटू करतात. उरलेल्या दहा पाच जणांत वाटल्या जातात. बाहेर बसलेल्या पाच पोरांच्या वाट्याला शून्य. आणि आपल्याकडचा रोजचा सराव म्हणजे काय? दोन संघ पाडून सामना. म्हणजे ज्याला येतं त्यालाच सराव मिळतो. त्याऐवजी मैदान अरुंद करून तिघांविरुद्ध तिघे असे चार लहान सामने एकाच वेळी लावले, तर प्रत्येक पोराच्या वाट्याला दहा मिनिटांत तीन-तीन चढाया येतात, आणि पकडीला तर कुणालाच लपता येत नाही. तिघांच्या बचावात साखळीही तुटकी असते, त्यामुळं कोपऱ्यावरचा आणि मधला दोघांनाही निर्णय घ्यावा लागतो. रग्बी लीगवाले लहान मुलांना लहान मैदानावर, कमी खेळाडूंत खेळवतात, ते याच कारणानं.

दुसरी गोष्ट. एक आख्खी संध्याकाळ फक्त घोटा पकड, दुसरी फक्त मांडी पकड, असा सराव नीटनेटका वाटतो. पोरं भराभर सुधारताना दिसतात. १९७९ साली शे आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी यावर एक साधा प्रयोग केला. हातात टेनिसचा चेंडू धरून समोरच्या लाकडी फळ्या ठरलेल्या क्रमानं पाडायच्या. काहींनी एकेक क्रम घोटून पाठ केला, काहींना क्रम सतत बदलून दिले. सरावात पहिले पुढं होते. दहा दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा बदलत्या सरावाचे जिंकले. त्यानंतर हे निरनिराळ्या खेळांत तपासलं गेलंय. अगदी नवशिक्याला आधी एकच गोष्ट घोटू द्यावी. पण जरा हात बसला, की घोटा, मांडी, कंबर, धडक सगळं मिसळून, कुठलं येईल ते न सांगता. सराव विस्कळीत दिसेल, चुका जास्त होतील. वडवणीच्या पोरासाठी हे दुप्पट महत्त्वाचं आहे, कारण त्याला शिकलेलं दहा दिवस नाही, पाच महिने टिकवायचं असतं.

आणि मातीचं. वरच्या पातळीवरचे सामने आता मॅटवर होतात. मातीवर अनवाणी पाय सरकतो, मॅटवर बूट चिकटतो. मातीवरचं वळण मॅटवर घेतलं की पंजा जागीच राहतो आणि गुडघा पिळतो. जिल्ह्याला जाण्याआधी निदान सात-आठ दिवस बूट घालून, मॅटवर खेळायला मिळालं पाहिजे. प्रत्येक गावात मॅट येणार नाही. तालुक्याला एक मॅट आणि तिच्यावर प्रत्येक शाळेचा ठरलेला वार, एवढं जमण्यासारखं आहे.

बीड जिल्ह्यानं खेळाडू दिले नाहीत असं कुणी म्हणू शकणार नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला राहिला, राजस्थानात राहिला, आणि स्पर्धात्मक धावणं त्यानं खऱ्या अर्थानं सुरू केलं ते २०१५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या सुमाराला. २०१८ साली त्यानं ३,००० मीटर स्टीपलचेसमधला गोपाल सैनींचा ३७ वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं सुवर्ण ०.०५ सेकंदानं हुकलं. २०२३ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळालं, आणि २०२४ साली त्यानं पॅरिसला ८ मिनिटं ९.९१ सेकंदांची वेळ दिली. पाटोद्याचा राहुल आवारे पैलवान बापाचा मुलगा. पुण्यात हरिश्चंद्र बिराजदारांच्या आणि नंतर काका पवारांच्या हाताखाली घडला. २०१८ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, २०१९ला जागतिक स्पर्धेत कांस्य. केज तालुक्यातल्या कळंबआंब्याची प्रियांका इंगळे पिंपरी-चिंचवडमध्ये वाढली आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. अंतिम सामन्यात नेपाळवर ७८-४० असा विजय. बीड शहरातला सचिन धस २०२४च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, भारताचे ३२ धावांत ४ गडी गेलेले असताना, ९६ धावा करून गेला.

या चौघांच्या गोष्टी आपण जिद्दीच्या म्हणून सांगतो. जिद्द होतीच. पण प्रत्येकाच्या मागं सलग वर्षं उभी होती, आणि ती वर्षं कुणीतरी भरून दिली होती. साबळेला सैन्यानं जेवण, बूट आणि पगार दिला. आवारेला तालमीनं आसरा दिला. इंगळेच्या घरानं गावच सोडलं. धसच्या घरी नोकरी होती. आई पोलीस खात्यात, आणि ती स्वतः कबड्डी खेळलेली. चौघांतले तिघे जिल्ह्याबाहेर जाऊन घडले. ज्याचं घर दर दसऱ्याला ट्रॉलीत चढतं, त्याच्यापाशी यातलं काहीच नसतं. जिद्द असते.

सरकारी वाटा आहेत, त्या माहीत हव्यात. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत लहान वयाच्या मुलांची चाचण्यांवर निवड होते. ३० मीटर धावणं, उभ्यानं लांब उडी, मेडिसिन बॉल फेकणं, ६ x १० मीटर शटल धाव, ८०० मीटर अशा त्या चाचण्या. निवड झाली की राहणं, खाणं, शिकणं शासनाच्या खर्चानं. खेलो इंडियात निवडलेल्या खेळाडूला महिन्याला १०,००० रुपये हातखर्च मिळण्याची तरतूद आहे. पुढं दहावी-बारावीला सवलतीचे गुण, सरकारी नोकरीत पात्र खेळाडूंना ५ टक्के आरक्षण. पण या सगळ्या वाटांच्या तोंडाशी पोचेपर्यंत पोर चौदा-पंधरा वर्षांचं होतं. तोवर दोन-तीन हंगाम निघून गेलेले असतात, आणि चाचणीच्या दिवशी ते फडात असतं.

ओडिशात याचं एक उत्तर सापडलंय. भुवनेश्वरच्या कलिंग समाजविज्ञान संस्थेत, म्हणजे ‘किस’मध्ये, आदिवासी मुलांची मोठी निवासी शाळा आहे. तिथल्या पोरांनी २००७ साली लंडनला जाऊन चौदा वर्षांखालील मुलांची आंतरराष्ट्रीय शालेय रग्बी स्पर्धा जिंकली. पुढं तिथल्याच मुली भारताच्या रग्बी संघात आल्या. त्या मुलांच्या घरी रग्बी हा शब्दही कुणाला ठाऊक नव्हता. ताट, खाट, फळा आणि मैदान एका आवारात होतं, रोज होतं, आणि वर्षातले सगळे महिने होतं.

आपल्याकडंही अर्धी मांडणी तयार आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ साली मंजूर झाली. दहा जिल्ह्यांतल्या ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं. त्याआधीपासून गावोगाव हंगामी वसतिगृहं चालतात. आजीकडं राहिलेल्या मुलांना हंगामभर शाळेत दोन वेळचं जेवण. या वसतिगृहांच्या आवारात १३ मीटर लांब, १० मीटर रुंद जागा निघू शकते. तेवढीच कबड्डीला लागते. चुना, दोरी आणि संध्याकाळी दीड तास देणारा एक माणूस. अंडी, शेंगदाणे-गूळ, मोडाची मटकी यांची तरतूद वाढवली, तर वसतिगृहातला मुलगा फडातून आलेल्या मुलापेक्षा एप्रिलमध्ये वजनदार असेल. ज्यांना ऊस तोडायला जायचं नाही त्यांना जावं लागू नये, हीच या मुलांच्या खेळासाठीची पहिली गरज आहे. खेळाचे तज्ज्ञ त्यानंतर.

जे जातातच, त्यांच्यासाठी शाळा शिक्षण हमी पत्र देते. ते दाखवलं की जिथं जातील तिथल्या शाळेनं त्यांना दाखल करून घ्यायचं. त्या पत्राला खेळाचं एक पान जोडावं. हा खेळाडू कोणत्या गटात, कोणत्या जागी खेळतो, त्याची उंची-वजन किती, त्याला काय येतं, काय शिकायचं राहिलंय. कोल्हापूर-सांगलीकडं कबड्डीची मंडळं गावोगाव आहेत. फडाशेजारच्या गावातल्या शिक्षकानं ते पान वाचलं, आणि संध्याकाळी त्या पोराला मैदानावर बोलावलं, तर खंड तुटतो. उलट त्याला नवे चढाईपटू बघायला मिळतात, जे वडवणीत मिळाले नसते. रोजचं पंधरा मिनिटांचं काम तर कोपीसमोर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीसमोरही होतं. मातीवर रेघ ओढून पावलं टाकणं, एका पायावर तोल, खोल बैठकीत थांबणं. ते त्या पानावर चित्रासह असावं.

मुलींचं काय होतं, ते वेगळं लिहावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या चाळीस टक्क्यांहून अधिक बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. फडाच्या जागी वयात आलेली पोर कोपीत एकटी ठेवायची भीती वाटते, आणि लग्न झालं की नवा कोयता तयार होतो. म्हणून चौदाव्या वर्षी चढाई करणारी मुलगी सतराव्या वर्षी मैदानावर दिसत नाही, तेव्हा तिचा खेळ संपला असं म्हणू नये. तिचं लग्न झालं. मुलींच्या संघासोबत बाई प्रशिक्षक असणं, जाण्यायेण्याची ठरलेली गाडी असणं, मैदानाला दिवा असणं यानं मुलगी दोन वर्षं जास्त खेळते, आणि तेवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो. खेळापायी बारावीपर्यंत टिकलेली मुलगी पोलीस भरतीच्या मैदानावर पोचते. वडवणीत खेळाचं हे फळ घरच्यांना लगेच समजतं, आणि ते सांगायला कुणी लाजू नये.

१५ जुलैला, कबड्डी संघटक शंकरराव ऊर्फ बुवा साळवींच्या जन्मदिनी, राज्यभर कबड्डी दिन साजरा होतो. तालुक्याच्या स्पर्धा त्यानंतर महिनाभरात सुरू होतात. वडवणी तालुक्यातल्या मंडळांना माझी विनंती आहे, की त्या दिवशी बसून एक यादी करा. आपल्या गावातून या दसऱ्याला जाणारी चौदा ते सतरा वयाची खेळणारी मुलं कोण, त्यांच्यातली कोण आजीजवळ राहू शकतात, कोणाला वसतिगृह हवं, आणि विभागाची स्पर्धा आलीच तर कोणाच्या आईला दोन दिवस थांबावं लागेल. विभागाची फेरी जास्तीत जास्त तीन दिवसांची. ५०० रुपयांनी तीन दिवसांच्या खाड्याचे दीड हजार होतात. गावच्या चषकाचं पहिलं बक्षीस काढून ठेवताना तेवढी रक्कम आधी बाजूला काढा.